कड्याची मंजुरी

तीर्थरूप आईस, इतक्या दुरून वाकून नमस्कार.

ताऱ्याभोवतीचे आमचे कडे उद्या पूर्ण होईल. ते जरा जरी एका बाजूला सरकले, तरी तारा त्याला ओढून घेईल. म्हणून त्याला सतत सावरणारी इंजिने मी स्वतः तपासली. इतरांची तपासणी म्हणजे नुसती उरकाउरकी. माझ्या आकड्यांत चूक नाही, तरी सारखी उठून ते पुन्हा पाहते.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस.

येथील नियमानुसार कड्याला मंजुरी देणाऱ्याने, म्हणजे मीच, पहिले वर्ष कड्यावरच काढायचे असते. तुझ्या जावयांना मात्र मी उद्याच घरी पाठवते आहे.

"इंजिनांची खात्री आहे ना तुला? मग मला कशाला पिटाळतेस?" त्यांनी विचारले.

तिकीट मी त्यांच्या खिशात घातले.

तू निश्चिंत राहा.

तुझी हट्टी लेक