टेपवरचं सुटलेलं नाव

बा, तुझी टेप सापडली. ज्या कॉलेजातल्या सरांनी ती भरली होती, त्यांच्या मुलाने माळ्यावरून काढून दिली. आता ती कॉम्प्युटरमध्ये उतरवणं चाललंय. आपल्या परधानांची, गोंडांच्या पिढ्या गाणाऱ्यांची, गाणी मरू नयेत, पोरांना मोबाइलवर ऐकता यावीत, म्हणून हे काम मीच हाती घेतलंय. पण खरं सांगते, ही एक टेप सडून गेली असती तर मी नारळ फोडला असता.

आणीबाणी उठली ते साल. गिट्टीखदानातली आपली खोली, भर दुपार. सर चटईवर बसलेत, टेपची चाकं फिरताहेत आणि तू गजानं वाजवायची किंगरी मांडीला लावून गोंडांच्या एका कुळाच्या पिढ्या म्हणतोयस. एरवी दगड फोडणारा तू, गायला बसलास की राजा व्हायचास. हाताशीच चूल; आई भाकरी थापतेय, मी शेजारी पीठ मळतेय. एका ठिकाणी तू एक पूर्वज गाळलास. आई म्हणाली, "एक नाव राहिलं ना जी," आणि तिनं ते नाव घेतलं. ते तिच्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत तू किंगरीचा गज तिच्या तोंडावर हाणलास. दोन दात परातीत पडले.

"तुले कोन इचारलं वं?" एवढंच म्हणत राहिलास, आणि केसाला धरून तिला उंबऱ्यापर्यंत ओढत नेऊन गज मोडेस्तोवर मारलंस. सर उठले. मला वाटलं, सोडवतील. त्यांनी चालू यंत्र छातीशी धरलं आणि बाहेर नेलं. मला राग तुझा जास्त येतो की त्यांचा, ते अजून ठरत नाही.

गजाला घुंगरं बांधलेली होती. टेप उतरवणारी मुलगी परवा हेडफोन लावून मान डोलावत होती, इथे ताल काय सुरेख आहे म्हणाली. कशाचा ताल ते मी सांगितलं, तर तिनं हेडफोन काढून ठेवला. मग हळूच म्हणाली, "मॅडम, एवढं कापते. नाव तुम्ही म्हणा, मी जोडून देते. गाणं साफ होईल."

जमलं असतं. पण आईचा आवाज जगात दुसरा कुठेच नाही, बा. फोटोसुद्धा नाही तिचा. आहे ते हे एक वाक्य आणि एक नाव, आणि त्यावर चढलेला तुझा फटका. मी काही कापू दिलं नाही. पोरं तुझं गाणं ऐकतील, मारही ऐकतील. तुझी अब्रू गेली तर जाऊ दे.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. नाव सुटलं हे आधी माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलले असते तर गज माझ्या तोंडावर बसला असता. म्हणून मी आईला कोपरानं ढोसलं.