बारा नावांची माती

३ फेब्रुवारी २००३, सोमवार

वरच्या ऑफिसचं पत्र पुन्हा आलं. 'बारा मजुरांनी आठ दिवसांत एवढी माती कशी काढली, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.' मी काय खुलासा करू? मी काय मातीच्या चौकड्या खणायला होतो?

पाझर तलावाचं हे काम आमच्याच गावचं, पठारावरचं. डिसेंबरात सुरू केलं तेव्हा मस्टरच्या हजेरीपटावर सत्तावन्न नावं होती. आता बारा! बाकीच्यांनी एकेक करून नावं कमी करून घेतली. नियम असा, की पन्नास जणांनी लेखी मागणी केली तरच रोजगार हमीचं काम चालू राहणार. पण माती मात्र बाराच्या दुपटीहून जास्त निघतेय.

अकरा वर्षं झाली मला रोजगार हमीच्या टेबलावर. एरवी भानगड उलटी असते — मस्टरवर शंभर नावं आणि जागेवर पंचवीस माणसं. ती पकडायला ढीगभर परिपत्रकं आहेत. नावं कमी आणि माती जास्त, यावर एकही नाही! सबंध दुपार फाइली उपसल्या.

५ फेब्रुवारी

खुलासा पाठवला — 'मजूर कष्टाळू आहेत.'

९ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आलो. कारण कळलं आणि डोकं फिरलं.

मस्टरवरची नावं चावडीच्या फळ्यावर लावायची, हा आमचाच नियम. बोगसगिरी नको म्हणून. जानेवारीत गोजरबाईच्या मुलीला बघायला पाव्हणे आले. एसटीतून उतरले, चावडीच्या सावलीला टेकले आणि बसल्या बसल्या फळा वाचला. होणाऱ्या विहीणबाईंचं नाव सातवं! चहासुद्धा न घेता परत गेले. दुसऱ्या दिवसापासून खातेदारांची रांग लागली — आमच्या बाईचं नाव काढा, आमच्या सुनेचं काढा. उरल्या त्या धनगरवस्तीवरच्या बारा जणी. त्यांचे पाव्हणे फळा वाचत नाहीत, का वाचूनही मुली करतात, देव जाणे.

विहिरी तळाला गेल्यात, कांदा जळाला, गुरांना कडबा नाही. पण नाव नको! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा. आमचा दादा त्यातला मेरुमणी. ओट्यावर बसून मला सांगतो, "आपल्या घरातलं पयल्यापास्नं कुनी न्हाई हां. बारा एकराचं खातेदार आपण." बारा एकरांत यंदा चार पोती बाजरी झाली नाही. हे मी बोललो नाही. दादापुढे मी कधीच बोलत नाही. आणि खरं लिहायचं तर ते ऐकून मलाही बरं वाटलं.

वहिनींनी जेवायला वाढलं. तळहाताला चिंधी बांधलेली. तव्याचा चटका बसला म्हणाल्या. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, आणि तेव्हापासून माझं सगळं त्यांनीच केलं. हळद लावा म्हणालो आणि एसटी पकडली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दिल्लीचं बजेट. दुपारी जुन्नरच्या पेठेतल्या हॉटेलात टीव्हीपुढे ही गर्दी! सगळ्यांना एकच काळजी, सिगरेट महागली का. मी रोजगाराचं काही येतं का म्हणून कान देऊन ऐकत होतो, तेवढ्यात कुणीतरी क्रिकेट लावलं.

ऑफिसात आल्यावर साहेबांनी मला अर्थशास्त्र शिकवलं. दुष्काळ पडला की सरकारने हात सैल सोडायचा, तूट झाली तरी बेहत्तर, लोकांच्या हाताला काम द्यायचं. मग बाजार हलतो, चार पैसे फिरतात, एकही हात रिकामा राहत नाही. छान! मग मी महिन्याचं विवरण सहीला ठेवलं. 'कामाची नवीन मागणी — निरंक.' साहेब सही करता करता म्हणाले, "निरंक म्हणजे चांगलंच की हो. ज्याला त्याला काम आहे."

म्हणजे आमचं गाव कागदावर पूर्ण रोजगाराचं गाव! तिजोरीत पैसा आहे, कायदा आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापतात तो याच कामांसाठी. फक्त मागणारा हवा, लेखी, नावानिशी. तेवढंच आमच्यात नाही. दिल्लीने कितीही हात सैल सोडला तरी आमच्या चावडीच्या फळ्यापाशी तो अडणार.

१ मार्च

महाशिवरात्र. आळीतले सगळे भीमाशंकरला गेले. मी खोलीवर साबुदाणा खाऊन निरंकचा विचार करत बसलो. पित्त झालं.

६ मार्च, गुरुवार

न कळवता जागेवर गेलो. मस्टरवर बारा. खड्ड्यात मोजल्या — एकतीस! मला बघताच पदर नाकापर्यंत आले, आणि एकोणीस पाठी माझ्याकडे वळल्या.

गेणभाऊ आमचा हजेरी कारकून. तो टोपी काढून मान खाजवत उभा. मी त्याला फाडून खाल्ला. मस्टर ठेवतोस का तमाशा करतोस? तुझी नोकरी जाईल, त्याआधी माझी जाईल. तेवढ्यात धनगरवस्तीवरची गजराबाई घमेलं टाकून वर आली. मस्टरवर पहिलं नाव तिचं.

"गेणभाऊला कशापायी वरडता? नावं आमची, माती समद्यांची. पगार मातीच्या मापावर, तो झाला की बाजारच्या दिशी वाटून घेतो. कुणाची एक पै खाल्ली न्हाई."

मी म्हणालो, मग यांनी आपापली नावं द्यावीत.

"ते त्यास्नी सांगा. तुमच्या लोकांस्नी माती चालती सायेब, नाव न्हाई चालत."

'तुमच्या लोकांस्नी' म्हणाली. राग आला. उत्तर द्यायला वळलो, तर एक बाई भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन बांधावर चढत होती. घमेल्याला धरलेल्या हाताला चिंधी. पदर सरकला होता आणि दोन्ही हात वर, सावरणार कशाने? तिने माझ्याकडे पाहिलं. मी मस्टरमध्ये डोकं घातलं.

वहिनी.

पाणीसुद्धा न पिता फाट्यापर्यंत चालत आलो. एसटीत कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठलं तिकीट?

७ मार्च

पाहणी अहवाल दिला. 'मस्टरवर बारा मजूर. मागणी अपुरी. काम बंद करण्यास हरकत नाही.' एकतिसांबद्दल चकार शब्द नाही.

गेणभाऊची नोकरी वाचावी म्हणून असं लिहिलं, असं रात्री स्वतःला समजावत होतो. खोटं आहे ते. काम बंद झालं की वहिनी घरी बसतील आणि कुणाला काही कळणार नाही, एवढंच डोक्यात होतं. महिनाभर गावाला शिव्या घालतोय, आणि मी कोण लागून गेलो? मी तर सहीशिक्क्यानिशी केलं!

१२ मार्च

आदेश आला. २५ तारखेपर्यंत पन्नास अर्ज आले नाहीत तर काम बंद, निधी ३१ मार्चला परत. आदेशाची प्रत फळ्यावर लावायला पाठवली.

१५ मार्च

गेणभाऊचा फोन. बांध अर्ध्यावर आहे. असाच सोडला तर पहिल्या मोठ्या पाण्याला वाहून जाईल आणि खालची विहीरही बुजेल. सबंध गाव त्या विहिरीवर पाणी भरतं. "बाया विचारत्यात, आता आमी काय करायचं?" मी म्हणालो, अर्ज करायचा. तो म्हणाला, "पयलं नाव कुनी घालायचं राव, तिथंच गाडं अडलंय." आणि जरा थांबून, "तुमच्या घरचं एक नाव पडलं तर समद्याच येत्याल." त्याला ठाऊक आहे! सगळ्या गावाला ठाऊक असणार. ठाऊक नाही ते फक्त दादाला.

नंतर बोलू म्हणून फोन ठेवला.

१८ मार्च

धुळवड. गावी गेलो नाही. जाणाऱ्या माणसाच्या हाती दादाने पुरणपोळ्या पाठवल्या. त्या आळीतल्या पोरांना वाटून टाकल्या.

२२ मार्च, शनिवार

रात्रीच्या एसटीने गाव गाठायचं, दादाला सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. स्टँडवर गेलो. गाडी लागली, भरली, सुटली. मी उसाच्या रसाच्या दुकानात बसून होतो. पन्नाशीला आलेला माणूस, थोरल्या भावाला भितो!

२४ मार्च

अर्ज — निरंक.

२५ मार्च, मंगळवार

दुपारी चारला वहिनी टेबलासमोर उभ्या. मागे दारापर्यंत आणि दाराबाहेर जिन्यावर आमच्या गावच्या बाया. जिच्या मुलीचे पाव्हणे परत गेले ती गोजरबाईसुद्धा.

भाऊजी म्हणाल्या नाहीत. "सायेब, काम पायजे. लिवून घ्या."

दादांना माहीत आहे का, असं हळूच विचारलं.

"सांगून आलेय. दोन दीस जेवलं न्हाईत. जेवत्याल."

अर्ज पुढे घेतला. पहिला रकाना नावाचा. थोरल्या भावजयीचं नाव मी जन्मात कधी तोंडाने घेतलेलं नाही. ऑफिस सगळं बघत होतं. विचारलं, नाव?

"प्रयागबाई सावळाराम."

पुढे?

"आडनाव तुमाला ठावं हाय."

लिहिलं.