आयिबचा चोर उपास पाळतो

येकातित १४, गुरुवार
बायकोला, बेलायनेशला, मुलीच्या बाळंतपणासाठी हवासाला जाऊन महिना झाला. फोनवर अजून घुश्शातच. पुतण्याच्या लग्नात चाळीस माणसांदेखत मी म्हणालो होतो, आयिब करण्यात काय आहे, ताक तापवायचं नि गाळायचं, बायका उगाच भाव खातात. तेव्हापासून धड बोलत नाही.
रविवारी २४ ला येतेय. सोमवारपासून मोठा उपास, पंचावन्न दिवस दूधदुभतं बंद. म्हणजे त्या रविवारी तिच्यापुढे माझ्या हातच्या आयिबचा वाडगा ठेवायचाच.
शेजारच्या अस्कालेचकडून पाच लिटर दूध घेतलं. पाणी घातलेलं वाटतं. तीस वर्षं कस्टममध्ये काढली, मला कोण फसवणार! मडक्याला धुरी देऊन विरजलं.

येकातित १७, रविवार
घुसळलं, लोणी काढलं, ताक चुलीवर. वेळ वाचावा म्हणून जाळ मोठा. आयिब रबरासारखं, दाताखाली करकरतं. कोळशात भेसळ असणार.
अस्कालेच कुंपणावरून म्हणाली, अहो दादा, ताकाला उकळी आणतात का कुणी? बोटाला सोसेल एवढंच तापवायचं.
हिला कसं कळलं? पाळत ठेवते.

येकातित १८, सोमवार
तिच्याचकडून आंबट ताक आणलं (नाइलाज). मंद आच. बोट बुडवून बसलो. जमलं! पांढरंशुभ्र, रवाळ, वाडगा काठोकाठ. डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे.
चव पाहिली. फार आंबट नाही ना, म्हणून पुन्हा पाहिली.

येकातित १९, मंगळवार
वाडगा दोन बोटं कमी! चोरी.
उरलेलं बिघडवलं तर नाही ना, म्हणून तीन चमचे तपासले. इंजेराच्या पोळीबरोबर, कारण नुसतं खाऊन नीट कळत नाही. मग वाडग्यावर पेन्सिलीची खूण. कपाटाला कुलूप.

येकातित २०, बुधवार
उपास. बुधवार-शुक्रवार एरवीही दूधदुभतं चालत नाही, कपाटाकडे फिरकलो नाही. संध्याकाळी फक्त खूण पाहिली. आयिब जिथल्या तिथे.

येकातित २१, गुरुवार
सकाळी चव. दुपारी पालेभाजीबरोबर चव, कारण बेलायनेश भाजीबरोबरच खाणार. संध्याकाळी पाहतो तर खुणेखाली तीन बोटं! कुलूप शाबूत. म्हणजे चोराकडे किल्ली आहे. आमच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा कुणाकडे? अस्कालेचकडे.

येकातित २२, शुक्रवार
उपास. आयिब जैसे थे.
उलगडा झाला! चोर बुधवारी आणि शुक्रवारी हात लावत नाही. म्हणजे चोर उपास पाळतो. कोपऱ्यावरचा दुकानदार नुरू मुसलमान, तो सुटला. गल्लीत अस्कालेचइतके कडक उपास कोण करतं? आता सुटका नाही बाईची.

येकातित २३, शनिवार
सकाळी शेवटची तपासणी, जरा सविस्तर.
अस्कालेचकडे कॉफीला सात बायका. कॉफीच्या तीन फेऱ्यांपैकी दुसरी चालू असताना सगळ्यांसमोर पुराव्यानिशी विचारलं. तिने कॉफीची सुरई, जेबेना, खाली ठेवली. म्हणाली, दादा, माझ्या दारात दोन गाई आहेत, तुमचं वाटीभर आयिब मी चोरू? आणि पदराने डोळे पुसले. तिसरी कॉफी मला कुणी दिली नाही.
ढोंग असेल. तरी जेवण गेलं नाही.

येकातित २४, रविवार
बेलायनेश आली. वाडग्यात एक चमचा आयिब.
सगळा तपास तिला तारीखवार वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, बुधवारी-शुक्रवारी तुम्ही चव पाहिली होती का?
म्हटलं, मी काय पाखंडी आहे?
तिने वहीतल्या त्या दोन तारखांवर बोट ठेवलं. मी त्या पुन्हा वाचल्या आणि वही मिटली.
तिने तो चमचा तोंडात घातला. म्हणाली, छान झालंय हो, अगदी छान, अजून आहे का?
महिन्याभरातला तिचा पहिला गोड शब्द, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. फार लाज वाटली.

संध्याकाळी
अस्कालेचकडे गेलो. माफी मागायची होती. तिने बसायला स्टूल दिलं, पुढ्यात आयिबचा भरला वाडगा ठेवला आणि म्हणाली, खा दादा, उद्यापासून बंद.
घास हातात धरूनच म्हटलं, बाई, चोर मीच.