बत्तीस फूट खाली

शिरूर,
दि. १२ नोव्हेंबर १९७४

ती. अक्कास,
म्हाळूचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडं मी खुशाल हाय.

हे पत्र आईला वाचून दाखवू नको. धरणावर आमच्या खात्यानं चार माणसांना पाणबुड्याचं काम शिकवायचं ठरवलंय. पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडात रबरी नळी, आन् पाण्याखाली जाऊन दुरुस्ती. बत्तीस फूट खालचा एक दरवाजा दोन वर्षं अडकलाय. मुंबईचे पाणबुडे येतात तवा हंगाम गेलेला असतो. मी नाव दिलं. फिटरमधी तो दरवाजा माझ्याइतका कुणाला ठाऊक न्हाई.

शिकवायला मारुतराव तांडेल म्हणून नेव्हीतले रिटायर गृहस्थ आलेत. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आन् वजन इचारलं. मी सांगितलं, एकशेनऊ किलो. आमच्यातला भिमाजी म्हणाला, ह्याला बुडवायला धरण पुरायचं न्हाई. सगळी हसली. मीबी हसलो. रबरी सूट मांडीवरच अडकला, तवा परत हसली. मी दोन स्वेटर घालून उतरणार हाय.

नाव मागं घेतलं न्हाई. दाजींना जयभीम. पोरांना मामाची आठवण दे.
तुझा,
म्हाळू


दौंड,
दि. २० नोव्हेंबर १९७४

चि. म्हाळूस,
अक्काचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून आईच्या नजरेतून सुटलं. एरवी तुझ्या 'न्हाई'ला मी लाल शाईनं गोल केला असता. या वेळी लाल शाईची दौत उघडलीच नाही.

दाजींच्या ओळखीनं रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जड माणसाचं हृदय लवकर दमतं, त्याला हवा जास्त लागते, आणि खाली घाबरला तर आणखीच जास्त. मग त्यांनी विचारलं, कोण जाणार आहे. मी आभार मानून उठले.

आपण दोघंही अंगानं आईवर गेलो. मी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावर काय कुजबुजतात ते मला ऐकू येतं. लोकांना काही दाखवून द्यायचं असेल तर जमिनीवर दाखव, बाळा. तिथं निदान श्वास फुकट मिळतो.

नाव मागे घे. हा हुकूम नाही, मागणं आहे.
वाट पाहणारी,
अक्का


शिरूर,
दि. ८ डिसेंबर १९७४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. परवा सहा तारखेला वस्तीत वंदना झाली. तुझी आठवण निघाली.

तुझं मागणं मोडलं, रागावू नको. पण खोटंबी लिहित न्हाई. पहिले चार दिवस मी बुडलोच न्हाई. टाक्या लावून, पालथा होऊन, पाय झाडून वरच. बाकीच्यांना कमरेच्या पट्ट्यात चार किलो शिसं पुरलं, मला अकरा लागलं. तांडेल म्हणाले, चरबी तरंगते, हा पाण्याचा कायदा हाय, त्यात तुझा गुन्हा न्हाई.

पाचव्या दिवशी पंधरा फूट गेलो. खाली गाळ. हात डोळ्यापुढं धरला तरी दिसंना. डोळ्यावरच्या काचेत पाणी शिरलं आन् माझं डोकंच फिरलं. तोंडातली नळी थुंकून बाणासारखा वर आलो. नाकातून रगत. तांडेलांनी बाजूला घेऊन सांगितलं, की श्वास कोंडून असा वर आलास तर फुफ्फुस फाटंल. वर येताना हवा सोडत यायची, आन् सावकाश. परत असं झालं तर घरी पाठवीन.

वजन उतरावं म्हणून मी रातचं जेवण सोडलं व्हतं. तेबी त्यांनी धरलं. भुकेला माणूस आधी घाबरतो म्हणाले, आन् माझ्यापुढं बसून दोन भाकरी खायला लावल्या.

तवापासून रोज उतरतोय, पंधरा खेपा झाल्या. भिमाजीची टाकी पस्तीस मिनटं चालती, माझी पंचवीस. आन् दर खेपंला पाण्याला पाय लागला की शिडीचा दांडा सोडवत न्हाई. मला भ्या वाटतं, अक्का. हे तुलाच लिहितोय.
तुझा,
म्हाळू


शिरूर,
दि. २० डिसेंबर १९७४

शेवंताबाई यांस,
जयभीम.

तुम्ही आमच्या साहेबांना लिहिलेलं पत्र पोचलं. साहेबांनी ते हापिसात सगळ्यांपुढं वाचलं. भाऊ भितो असं त्यानंच मला कळवलंय, ही ओळ दोनदा वाचली. भिमाजीसुदीक हसला न्हाई. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

माझं नाव खोडलंय. घरच्यांनी हरकत न्हाई असं लिहून दिलं तरच पाण्यात सोडतील. मी ते मागणार न्हाई.

भ्यालोय हे मी एकाच माणसाला सांगितलं व्हतं.
म्हाळू


दौंड,
दि. २७ डिसेंबर १९७४

चि. म्हाळूस,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

तू मला 'तुम्ही' लिहिलंस. ते तीनदा वाचलं. तुला धोक्यातून काढायला गेले आणि चारचौघांत उघडं पाडलं. मी चुकले.

तू भितोस, एवढंच मी साहेबांना कळवलं. भिऊनही पंधरा वेळा उतरलास, हे तुझ्या त्याच पत्रात होतं. ते मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझं म्हणणंच उरलं नसतं.

काल आईला सगळं सांगितलं. तिनं किती खोल जातो विचारलं. बत्तीस फूट, म्हटलं. तिनं अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्याकडं पाहिलं, आणि जेवतो का एवढंच विचारलं.

सोबत साहेबांच्या नावे हरकत नसल्याचा कागद आहे. खाली माझी सही, तिच्याशेजारी आईचा अंगठा. यातून माझी भीती गेली असं समजू नकोस. परीक्षा झाली की तार कर. एक शब्दाची चालेल.
तुझीच,
अक्का


दौंड,
दि. १६ जानेवारी १९७५

चि. म्हाळूस, आशीर्वाद.

परीक्षा अकराला झाली असं शिरूरच्या एस. टी. ड्रायव्हरकडून दाजींना कळलं. तो असंही म्हणाला, की धरणावर एका पाणबुड्याला दोरानं ओढून काढला. कोण, ते त्याला ठाऊक नाही. तार नाही, पत्र नाही. आईनं दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही. रविवारी पहिल्या गाडीनं निघते.
अक्का


शिरूर,
दि. १८ जानेवारी १९७५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. तुझं कार्ड आत्ता मिळालं. पोस्टानं हे पत्र रविवारच्या आत पोचायचं न्हाई, म्हणून त्याच ड्रायव्हरच्या हाती देतोय. ओढून काढला तो मीच. आधी आईला सांग की मी जिता हाय आन् जेवतोय. मग पुढं वाच.

अकराला बत्तीस फुटांवर उतरलो. दरवाज्याची एक पट्टी वाकली व्हती, तिचे सहा बोल्ट काढायचे व्हते. पाणी बर्फावाणी. आधी उतरलेल्या दोघांची बोटं आखडली, ते वीस मिनटांत वर गेले. मला थंडी तेवढी बाधली न्हाई. अंगावरचं मांस पहिल्यांदा कामाला आलं. पाच बोल्ट चाचपून काढले. सहाव्याला पाना लावला तवा हवा ओढाया जड झाली. राखीव हवेचा खटका ओढायला हात मागं नेला, तर तो आधीच पडलेला. दरवाज्याला घासून कवा पडला कळलंच न्हाई. म्हंजी राखीव हवाबी मी वापरून बसलो व्हतो.

पुढचा श्वास आलाच न्हाई.

अक्का, त्या घडीला मी भ्यालो, पण डोकं फिरलं न्हाई. कमरेच्या दोराला चार हिसके दिले, म्हंजी वर ओढा. शिशाचा पट्टा सोडला. मान वर केली आन् छातीत व्हती नव्हती ती हवा बुडबुडे करत सोडत ऱ्हायलो. छाती म्हणायची कोंड, मी सोडत गेलो. उजेड दिसला तवा माझं मलाच भान नव्हतं. वरून दोर भिमाजीनं ओढला. त्याच्या तळहाताची सालटी गेलीत, अजून पाना धरवत न्हाई त्याला.

साहेब म्हणाले, बास, नापास करा. तांडेलांनी सांगितलं की हवा संपल्यावर बत्तीस फुटांवरून जो फुफ्फुस शाबूत ठेवून येतो त्याची परीक्षा झाली. माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं, तीस फुटांच्या आसपासचीच कामं, मोठ्या टाक्या, आन् वीस मिनटांच्या वर न्हाई. वाईट वाटलं. पण खरं हाय, सही केली.

दोन दिवस दवाखान्यात व्हतो. तार केली न्हाई, हा गुन्हा माझा. सहावा बोल्ट ऱ्हायला व्हता. तू आली असतीस तर तुझ्या तोंडाकडं बघून मी उतरलो नसतो. परवा उतरलो, अकरा मिनटांत काढला. आज सकाळी वरून साखळी ताणली, थांबली, परत ताणली, आन् दरवाजा उचलला. भिंतीवर उभं ऱ्हाऊन बघितलं. पाण्याचा आवाज कानाला न्हाई, तळपायाला लागला.

रविवारी ये. आईलाबी घेऊन ये, तिला कालव्यावर नेतो. फेब्रुवारीत दुसऱ्या दरवाज्याला उतरायचंय. परत भ्या वाटंल. वाटलं की तुलाच लिहीन, फक्त पुढं कुणाला पाठवू नको.
तुझ्या मायेतला,
म्हाळू