मेक्सिको, व्हाया वेम्बली

१४ फेब्रुवारी १९६६, सोमवार. वेम्बली.
आज मेक्सिकन झालो. तारीख नीट लिहून ठेवतो, पुढं चरित्र लिहिणाऱ्यांना लागेल. (रोजनिशी खाजगी आहे. तरीही.)
सकाळी स्टुडिओत गेलो तो गर्दीतला माणूस म्हणून. टीव्हीच्या मालिकेतला बाजार होता. अकराच्या सुमारास एक लाकडी पिंप पायावर पडलं आणि मी ओरडलो, आई गं. डायरेक्टर मिस्टर थॉर्नली धावत आले. मला वाटलं, पायासाठी. त्यांनी विचारलं की तू स्पॅनिश का? तिकडं दुखलं की 'आय' म्हणतात म्हणे. मी नाही म्हटलं नाही. नाही न म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
संध्याकाळपर्यंत एजंटबाई मिसेस कॉब्लींनी रुबेन नागावकरचा रुबेन नगारो केला. मुक्काम मेक्सिको सिटी. घरी बायकोला, दिनाला सांगितलं. ती म्हणाली की नागाव अलिबागजवळ आहे, आणि पायाला बर्फ लावा.
संकल्प: दोन वर्षांत बोलती भूमिका, आणि शेवटी नावं येतात त्यात माझं नाव. मिशी आजपासून.

३ मार्च १९६६
अकरा वीसला मेलो. डाकू नंबर तीन. स्क्रिप्टमध्ये मरणाला शब्दच नव्हते. थॉर्नली म्हणाले की तुझ्या भाषेत काहीतरी ओरड. 'आई गं, मेलो' म्हणून पडलो. साउंडवाल्या बिलने तीच आरोळी आणखी तीनदा टेपवर घेतली, पुढंमागं लागली तर असावी म्हणून. आपल्याकडं एवढी दूरदृष्टी नाही.
आईला नागावला पत्र टाकलं: विलायतेच्या टीव्हीवर तुझ्या मुलाचा पहिला शब्द तू आहेस.

९ एप्रिल १९६६
आईचं उत्तर, शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात. मरायची कामं घेऊ नकोस. वेळेवर जेवत जा.

२२ ऑक्टोबर १९६७
आजवर अकरा वेळा मेलो. दोनदा त्याच घोड्यावरून. नाव एकदाही नाही. दिना म्हणते की टोपी एवढी मोठी असते की खाली कोण आहे ते तिलाही कळत नाही. मी तिला समजावलं की मेक्सिकन अभिनय बराचसा टोपीतूनच होतो.
नॉटिंगहॅमहून डॉक्टर पद्माकरांचं पत्र. तिथं हॉस्पिटलात असतात, मुंबईपासूनची ओळख. जेवण झाल्यावर टीव्ही लावला तर एक मेक्सिकन डाकू दुसऱ्याला चक्क मराठीत म्हणत होता की अरे गाढवा, घोडा कुठं बांधलास. ते आणि अलकावहिनी इतके हसले की शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली. ही पहिली दाद. पत्र जपून ठेवलं.

१७ फेब्रुवारी १९६८, शनिवार
शूटिंग. आम्हा बेने इस्रायलींत शनिवारी काम करत नाहीत. पण शनिवार नागावकर पाळतो. नगारो कॅथलिक आहे. मरताना छातीवर क्रूस केला. घरी दिनाला करून दाखवला. ती स्वयंपाकघरात निघून गेली.
क्रूस उलट्या बाजूने झाला असं मिसेस कॉब्ली फोनवर म्हणाल्या. मरणारा माणूस गोंधळतोच.

१ जानेवारी १९७०
बिस्किटांच्या फॅक्टरीत अजून टेंपररी. फोरमन मिस्टर हिबर्ट दर सहा महिन्यांनी पर्मनंटचा फॉर्म पुढं करतात. मी म्हणतो, शूटिंग आलं तर?
दिना म्हणाली की ती दमली आहे. दोघांतल्या एकाचा तरी पाय एका जागी हवा. मग म्हणाली की तुमच्या चाळिसाव्या वाढदिवसापर्यंत मी एक शब्द बोलणार नाही, पण तोवर टीव्हीवर नाव आलं नाही तर फॉर्म भरायचा. मी लगेच कबूल झालो. चाळीस फार लांब आहे.
संकल्प: खरं स्पॅनिश शिकणे. अडचण सगळी तिथंच आहे.

११ नोव्हेंबर १९७१
स्पॅनिशचा संध्याकाळचा क्लास. बाई माद्रिदच्या. जीभ दातांत धरून बोलायचं. मेक्सिकोत तसं बोलत नाहीत म्हणे, पण पाया पक्का होतो. स्टेशन कुठं आहे हे विचारता येतं. उत्तर कळत नाही.

१९ जून १९७२
नागावहून तार. आई.
नंतर लिहीन.

४ सप्टेंबर १९७३
शेवटी. मी म्हणतच होतो.
थॉर्नली टीव्हीसाठी मोठा सिनेमा करताहेत. हीरो खुद्द मेक्सिकोहून येतोय, डॉन एवारिस्तो लुहान. मी त्याचा भाऊ. सतरा वाक्यं, शेवटी मरण, आणि नावांत नाव. चाळिशीला चार महिने आहेत. दिनाला सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग विचारलं की स्पेलिंग त्यांना नीट सांगितलंत ना?

२० सप्टेंबर १९७३
डॉन एवारिस्तोंना भेटलो. साठी उलटलेली, गुडघे गेलेले. मी माद्रिदी स्पॅनिशमध्ये स्वागत केलं. त्यांनी इंग्रजीत विचारलं की घसा बरा आहे ना.
दुपारी माझा डबा बघून शेजारी बसले. चपातीत भाजी गुंडाळून अशी खाल्ली की जणू जन्मभर तेच केलंय. म्हणाले की पंचवीस वर्षं परदेशात कामं करतोय. इटालियन झालो, अरब झालो, दोनदा हिंदुस्थानी महाराजा झालो. महाराजाच्या प्रार्थनेत मावशीची मिरच्यांच्या रश्श्याची कृती म्हटली. कुणाला कळलं नाही. मेक्सिकन मात्र आठ वर्षांनी होतोय, सवय गेली.
मग माझं गाव विचारलं. मी म्हटलं, समुद्राकाठी. ते मान हलवून म्हणाले की हो, समुद्राकाठची माणसं असंच बोलतात. म्हणजे ओळखू आलं नाही. क्लासचा उपयोग झाला.

२४ सप्टेंबर १९७३
भावाचं मरण. मी शुद्ध स्पॅनिशमध्ये मेलो. व्याकरण निर्दोष. थॉर्नलींनी कट म्हटलं. म्हणाले की तू बसचं तिकीट मागितल्यासारखा मेलास, तुझं ते जुनं ओरड.
ओरडलो. नऊ वेळा. तोंड उघडतं, 'आ' येतो, पुढं काही येत नाही. घसा धरला असं सगळ्यांना सांगितलं. इथं खरं लिहितो. आई गेल्यापासून तो शब्द तोंडातून निघत नाही. हाक मारून काय करायचं.
डॉन एवारिस्तोंनी खुर्ची दिली आणि बसून राहिले.

२८ सप्टेंबर १९७३
मिसेस कॉब्लींचा फोन. भावाचं पात्र काढलं. हीरोला भाऊ असला की सहानुभूती विभागली जाते म्हणे. कलेच्या दृष्टीनं पटतं.
तरी काही शॉट राहिले असतील. नाव येऊ शकतं.

१२ जानेवारी १९७४, शनिवार
परवा चाळिसावा झाला. दिनानं फॉर्मचं नाव काढलं नाही. आजचा सिनेमा बघून ठरवू असं मीच म्हणालो होतो.
डॉक्टर पद्माकर आणि अलकावहिनी मुद्दाम नॉटिंगहॅमहून आले. चौघं टीव्हीसमोर. दीड तास भाऊ कुठंही नाही. शेवटी डॉन एवारिस्तोंना गोळी लागली. गुडघे वाकले, तोंड उघडलं, आणि आवाज आला: आई गं, मेलो.
माझा. बिलच्या टेपवरचा, आठ वर्षांपूर्वीचा.
पद्माकर हसायला लागले. अलकावहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दिना माझ्याकडं बघत होती. मी नावं वाचत होतो. बिलचं होतं. घोडेवाल्याचंही होतं. मग जाहिराती लागल्या.
आई असती तर तिला पत्र टाकलं असतं. तिला आवाज कळला असता.
दिनाला म्हटलं, सोमवारी फॉर्म भरतो. ती म्हणाली की आधी जेवून घ्या.

१४ जानेवारी १९७४, सोमवार
पर्मनंट झालो. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचं सरकारशी भांडण चालू आहे, वीज वाचवायची म्हणून फॅक्टरी आठवड्यातून तीनच दिवस. म्हणजे मोकळा वेळ भरपूर. संकल्प नाही.
मिस्टर हिबर्टनी कामावर घालायचा नवा कोट दिला. छातीवर लाल दोऱ्यानं नाव शिवलेलं: रुबेन नागावकर. स्पेलिंग बरोबर आहे.