काकांच्या पेशी

७ जानेवारी
जर्नलला पेशींची ओळखपरेड हवीय, म्हणून काकांचा डीएनए मशीनला लावला. काका म्हणजे हडपसरचे ते गृहस्थ, ज्यांच्या गालाच्या कॅन्सरच्या गाठीतून माझ्या गाइड सरांनी या पेशी वाढवल्या. माणूस केव्हाच गेला. मी पीएचडीभर त्यांच्या पेशींना खाऊ घालतेय आणि रोज विचारतेय, "काय काका, बरं ना?"
लेझरसमोरून एक्स क्रोमोसोमचा तुकडा चमकून गेला. पुरुष म्हटल्यावर मागून जरा लांब असा वायचा यायला हवा. आलाच नाही.

८ जानेवारी
पुन्हा लावला. वाय नाही. सर: "जुन्या पेशी वाय टाकतात. एवढंही माहीत नाही?"
माहीत आहे. पण स्क्रीनकडे न बघता कसं काय सांगितलं?

१२ जानेवारी
बाकीच्या तुकड्यांची लांबी लॅबमधला ज्युनिअर ओमकार वाढवतो त्या पेशींशी ताडून पाहिली. त्याच्या पेशी एका बाईच्या, जगभर लॅबमध्ये वाढतात त्या. आलेखातलं एकूण एक शिखर तंतोतंत तेच. म्हणजे माझ्या बाटलीत काका नाहीतच! थीसिस काकांच्या कॅन्सरवर, आणि...
ओमकार माझ्याच हुडमध्ये, पेशी हाताळायच्या त्या काचेच्या कपाटात, काम करतो. पेशींच्या खाऊची, मीडियमची बाटलीही माझीच उचलतो. त्यानेच त्याच्या पेशी माझ्यात मिसळून घाण केली असणार.

१५ जानेवारी
ओमकारशी अबोला. आज स्वतःच आला. "अगं, मी यायच्या आधी गोठवलेली काकांची एखादी व्हायल, कुपी, असेल ना नायट्रोजनमध्ये? ती लाव. तोवर तोंड वाकडं ठेव हवं तर."
मुद्दा बरोबर, म्हणून जास्तच राग आला.
सर: "काही गरज नाही. आधी थीसिस सबमिट कर."
गरज का नाही?

२० जानेवारी
सर दिल्लीला. सर्वांत जुनी व्हायल काढली, सरांनी स्वतः गोठवलेली. पेशी वाढवत बसले नाही, सरळ डीएनए काढला. ओमकारला मुद्दाम समोर उभं केलं, मास्क लावून, हात मागे.

२१ जानेवारी
तीच बाई.
ही व्हायल गोठवली तेव्हा ओमकार शाळेत होता. त्याला सॉरी म्हणाले. "सॉरी राहू दे, चहा पाज," म्हणाला. पाजला. परत येऊन इन्क्यूबेटर उघडला आणि रडूच आलं. काका, तुम्ही इथे कधी होतात तरी का?

२३ जानेवारी
सर आले. केबिनमध्ये बोलावणं.
"व्हायल कुणाला विचारून उघडलीस?"
"कुणालाच नाही."
टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग, "थीसिस कधी देतेयस?"
व्हायलमधून काय निघालं, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.