क्रमांक नऊच्या हातातली वस्तू

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका घोर अन्यायाची दाद मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. आमच्या इतिहास मंडळाच्या खोलीत अकरा खुर्च्या आहेत आणि बसायला एकही नाही. गावातलं कोणी म्हातारं माणूस गेलं की घरचे त्याची खुर्ची आमच्याकडे आणून टाकतात. आम्ही तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो : ‘ऐतिहासिक वस्तू. कृपया बसू नये.’ परिणामी गेले सहा महिने आमच्या सभा उभ्यानं चालतात. अध्यक्ष भिंतीला टेकतात, खजिनदारबाई खिडकीला, आणि मी, म्हणजे चिटणीस, कपाटावर वही ठेवून घोड्यासारखा उभा राहून इतिवृत्त लिहितो. त्यात अध्यक्षांनी फरशीला नवं पॉलिश करून घेतलंय, म्हणून चपला दाराबाहेर. दाराबाहेर एक कुत्रा आहे. त्याला जोडीतली फक्त डावी आवडते. सध्या मी तीन उजव्या चपलांचा मालक आहे.

आता आनंदाची बातमी. मंडळाची पुस्तिका छापून आली, प्रत सोबत पाठवतो. नव्वद जुने फोटो, खाली सगळ्यांची नावं. आमची पद्धत तुला सांगितली होती का? महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एक फोटो टेबलावर ठेवायचा, त्यावर पातळ कागद, आणि गावातल्या जुन्या मंडळींनी एकेका डोक्यावर पेन्सिलीनं नाव लिहायचं. दोघांची साक्ष जुळली तरच नाव शाईत. नाही जुळली तर ‘अनोळखी’. साक्षीदार नात्यातला नको, हा नियम मी घातला, कारण अध्यक्षांना दर फोटोत त्यांचे आजोबा सापडत होते. मुलींच्या शाळेच्या फोटोतही सापडले, तेव्हा म्हटलं आता पुरे.

आपल्या वाचनालयाच्या उद्घाटनाचा फोटो पान चौदावर आहे. मंडळाची खोली म्हणजे त्याच वाचनालयाचा जुना वाचनकक्ष, म्हणून तो मोठा करून भिंतीवरही लावलाय. पुस्तिका भावजींना दाखव. आत्याला दाखवायची घाई नको, टाइप फार बारीक आहे, उगाच डोळ्यांना ताण. तिचा नवा चष्मा आला का?

लोभ आहेच. वाढवणार असलीस तर सोबत एखादं स्टूलही पाठव.

तुझा,
ठोंब्या
(सहीतलं नाव मंडळात फुटता कामा नये.)


११ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पुस्तिका मिळाली. कागद गुळगुळीत आहे, भाषा त्याहून गुळगुळीत. तुझे भावजी म्हणाले, प्रस्तावनेतले ‘मी’ जरा कमी केले असते तर आणखी चार फोटो मावले असते.

आत्याला दाखवू नको म्हणालास, पण ती माझ्याकडे राहायला आल्यापासून तुझं पत्र आलं की पाकीट तीच फोडते. मग हटूनच बसली, वाच म्हणून. वाचनालय असणारच म्हणाली, आधी तेच काढ. काढलं पान चौदा आणि वाचत गेले. एक, उद्घाटक. दोन, नगराध्यक्ष. असं करत आठ, फोटोवाल्याचा मेहुणा. फोटोवाल्याच्या मेहुण्यालाही नाव आहे रे, वडिलांच्या नावासकट. त्यापुढे छापलंय : ‘९. अनोळखी स्त्री, हातात बहुधा पाहुण्यांसाठी भेटवस्तू.’

पायऱ्यांच्या टोकाला, बाह्या वर सारलेल्या, मान जरा तिरकी. मी तिला हातभर अंतरावरून ओळखलं आणि हातभर अंतरावर ती स्वतः बसली होती. ठोंब्या, आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. त्यानंतर तुला कोणी न्हाऊ घातलं, कोणी अक्षर गिरवून घेतलं, ते मी तुला पत्रातून कळवायचं का?

मी थांबले. आत्यानं विचारलं, नऊ कोण आहे? मी तिचं नाव वाचलं. पूर्ण. तिनं परत वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. मग विचारलं, कोणाच्या लक्षात राहिलं गं? मी म्हटलं, तुझ्या लाडक्याच्या, आणखी कोणाच्या? संध्याकाळी ती म्हणाली, भिंतीवरचा फोटो बघायला जायचंय. बाहेर जायचे कपडे काढून ठेवलेत.

चष्मा पुढच्या शुक्रवारी मिळेल. डॉक्टर म्हणतात, मग मुंगीचे पायही मोजता येतील. म्हणजे तुझ्या हातात आठ दिवस आहेत.

माया आहे, पण सध्या माळ्यावर ठेवलीय.

ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानंच वाचलं. जागा असती तरी बसलो नसतो.

आधी एक बचाव लिहिला होता : नियमाप्रमाणे नातेवाइकाची साक्ष चालत नाही, सबब माझा नाइलाज. झकास जमला होता. मग खोडला. नातेवाईक म्हणून गप्प बसलो असं म्हणायला आधी नातेवाईक आहे असं तरी म्हणावं लागतं. तेवढंच तर माझ्या तोंडून निघालं नाही.

झालं असं. सरकारी दवाखान्यातले आपले कंपाउंडरकाका आठवतात? त्यांनी नऊवर पेन्सिल टेकवली, आत्याचं नाव लिहिलं आणि म्हणाले, वाचनालयाची फरशी पुसायची ती हीच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्याच घरातली ना हो? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चष्मा काढला, पुसला, परत चढवला, फोटोवर वाकलो आणि म्हणालो, चेहरा नीट दिसत नाही, नक्की सांगणं कठीण आहे. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच ते नाव रबरानं खोडलं आणि कागदावरचा चुरा फुंकर मारून उडवला. तिच्या जागी ‘अनोळखी’ मी लिहिलं, शाईनं. अक्षर सुरेख आलंय. अक्षर कोणी गिरवून घेतलं ते तू विचारलंच आहेस.

का, ते सांगतो. दहा वर्षांपूर्वी मंडळात शिरताना मी म्हणालो होतो की आमचं वाचनालयाशी घरचं नातं आहे. हे काही खोटं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी परस्पर तुझ्या-माझ्या वडिलांना ग्रंथपाल करून टाकलं आणि मी करू दिलं. ज्या माणसानं जन्मात वाचनालयाची पायरी चढली नाही, त्यांच्या पुण्याईवर मी चिटणीस झालो. दर वार्षिक सभेत अध्यक्ष मला ग्रंथपालांचे सुपुत्र म्हणतात. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

एवढं कर. पुस्तिका कुठेतरी सारून ठेव. आत्याला सांग की प्रवास झेपणार नाही, थंडी आहे, गाड्यांना गर्दी आहे. दुसरी आवृत्ती निघाली की मी गुपचूप नाव घालीन, कोणाला कळणारही नाही. हे लिहिताना मला शरम वाटते आहे, आणि तरी मी ते लिहून पाकिटात घालतो आहे. शरमेनं माणूस सुधारतो म्हणणाऱ्यांना माझा पत्ता दे.

माळ्यावरची माया वाळवी लागण्याआधी खाली काढावी, ही विनंती.

तुझा,
ठोंब्या


१८ जानेवारी

चि. ठोंब्यास,
आ.

चष्मा दोन दिवस आधीच आला. काल दुपारी तुझं पत्र हातात पडलं आणि पुस्तिका लपवावी की तुझं पत्र, असा विचार करत मी बाहेरच्या खोलीत आले, तर आत्या खिडकीत बसून पान चौदा वाचत होती.

मला वाटलं रडेल. नाही रडली. म्हणाली, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी वाचताना कधी अडखळत नाही आणि नऊवर अडखळले. तीनदा वाचायला लावलं ते आनंदानं नव्हे, तिसऱ्या खेपेला तरी मी छापलंय ते वाचीन म्हणून. तेव्हा लाजायला तू एकटा नाहीस, ही तुला माझ्याकडून भेट.

तुझ्यासाठी तिचा निरोप आहे, तिनं सांगितला तसा देते. नाव घालू नकोस. तुला तिथे चारचौघांत वावरायचं असतं, ती आता गावातही राहत नाही. पण एक चूक तेवढी दुरुस्त कर. तिच्या हातात भेटवस्तू नाही. उद्घाटनाच्या दिवशी तिनं पहाटेपासून फरशी घासली होती, आणि मोठी मोठी माणसं चिखलाच्या जोड्यांनी ती तुडवत आत गेली. तू आठ वर्षांचा होतास. तू दारात थांबलास आणि कोणी न सांगता बूट काढलेस. सगळ्या गावात एकट्यानं. गर्दीत हरवू नयेत म्हणून तिनं ते रुमालात गुंडाळून हातात धरले, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. ती म्हणते, इतिहास लिहिता ना, मग बुटांना बूट म्हणा.

मला हे माहीत नव्हतं. तुला आठवतंय का, तेही मी विचारत नाही.

ती तरीही येणार आहे. ४ फेब्रुवारी, रविवार, सकाळी अकरापर्यंत पोचतील. माझा गुडघा नाही म्हणतो, म्हणून तुझे भावजी घेऊन येतील. ती फोटो बघायला येतेय, तुला बघायला नव्हे, असं कळवायला सांगितलंय. विश्वास ठेवू नकोस.

ताई


५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला आठवत नव्हतं. तुझं पत्र वाचल्यापासून आठवायचा प्रयत्न करतो आहे. आठवतो तो फक्त पायाखालच्या ओल्या फरशीचा गारवा, आणि तोही खरा की आता मनानं रचलेला, सांगता येत नाही. इतिहास मंडळाच्या चिटणिसानं हे लिहावं म्हणजे कमाल झाली.

काल नवीन फोटो टेबलावर ठेवण्याआधी मी म्हणालो की मला बोलायचंय. उभं राहून बोलायचा मान मिळवावा, तर सगळे उभेच. सांगितलं की पान चौदावरची नऊ क्रमांकाची स्त्री माझी आत्या आहे, तिनं ही फरशी सव्वीस वर्षं पुसली, आमचे वडील इथे कधीच कोणी नव्हते, आणि त्या सकाळी मी चष्मा पुसला तेव्हा काच स्वच्छ होती. मग मी वाट बघितली. कोणी दचकेल, निदान कोणी घसा खाकरेल.

ताई, सगळ्यांना ठाऊक होतं. खजिनदारबाई म्हणाल्या, ओल्या पायांनी आत आलं म्हणून लहानपणी त्यांनी आत्याची बोलणी खाल्ली आहेत, आणि तेव्हा आत्याचा पदर धरून मीही तिथे असायचोच. अध्यक्षांनाही तिसऱ्या वर्षीच कळलं होतं, पण तोवर भाषण पाठ झालं होतं. दहा वर्षं ही सगळी माणसं मला सांभाळून घेत होती. मी जे झाकून ठेवलंय असं समजत होतो, त्यावर माझ्याशिवाय सगळ्यांनी पांघरूण घातलं होतं. पकडलं जाण्यापेक्षा हे फार वाईट असतं, ते मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

कंपाउंडरकाकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नाव पुन्हा लिहिलं. दुसरी साक्ष खजिनदारबाईंची. नियमात बसलं. शाईनं मी लिहिलं, भिंतीवरच्या फोटोखालीही, बुटांसकट, आणि तिचं नको म्हणणं मानलं नाही. अक्षर गचाळ आलं. उरलेल्या तीनशे चौदा प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची असा ठराव झाला. ते काम अर्थात चिटणिसाचं.

अकराला ती आली. पॉलिश बघून दारातच थांबली, चपला काढल्या, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली की मधे चकाकी आहे, कोपरे मात्र कोणी धरलेले नाहीत. तिला बसवायला म्हणून अध्यक्षांनी एका खुर्चीची चिठ्ठी सोडायच्या आत ती थेट वाचनालयाच्या पहिल्या अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेली. ‘कृपया बसू नये’ नव्या चष्म्यातून मोठ्यानं वाचलं, म्हणाली की सव्वीस वर्षं हिचे पाय पुसलेत, आणि बसली. मग अध्यक्ष दुसऱ्या एका खुर्चीवर बसले. मग सगळेच बसले. ताई, आमचा बसण्याचा प्रश्न सुटला.

मग ती भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि खालची ओळ वाचली. आधी स्वतःचं नाव, मग ‘हातात भाच्याचे बूट’. बोटानं एकेक अक्षर दाखवत, जसं मला शिकवताना करायची. नावावर बोट थोडं जास्त थांबलं. मग वळून तिनं हाक मारली, ठोंब्या, तू आत का येत नाहीस? म्हणजे ते नावही फुटलं. मी म्हटलं, इथे कुत्रा आहे गं.

तू विचारशील, मी तिची माफी कशी मागितली. मागितली नाही, शब्द जमले नाहीत. ती चहा घेईपर्यंत, कंपाउंडरकाकांशी बोलेपर्यंत, सगळे फोटो बघून होईपर्यंत मी दारात उभा होतो. तासभर तरी झाला असेल. कुत्रा दोनदा येऊन गेला. तिच्या दोन्ही चपला मी रुमालात गुंडाळून हातात धरल्या होत्या. ती निघाली तेव्हा खाली बसून तिच्या पायांपुढे ठेवल्या, डावी आधी.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
ठोंब्या